मुक्कामाला येणारं जहाज: मुरगाव बंदरातल्या कागदी तयारीचा प्रकरण अभ्यास

बंदराला जहाज आवडतं ते जाणारं. आलं, लागलं, माल उतरला, दोर सुटले. धक्का जितका लवकर मोकळा तितका हिशेब चांगला. दरपत्रक, पास, कस्टम्सचे फॉर्म, गेटवरचा पहारा, सगळं याच समजुतीवर उभं आहे की आलेला पाहुणा दोन-चार दिवसांत निघणार. धर्मादाय इस्पितळ-जहाज मात्र महिनोन्महिने धक्क्याला बांधून राहतं. त्यातून माल उतरत नाही, माणसं चढतात. त्यातली निम्मी आजारी, आणि बहुतेकांनी बंदराचं गेट आतल्या बाजूने कधी पाहिलेलं नसतं.

गोव्यात, मुरगाव बंदराला लागून असलेल्या वास्कोतल्या आमच्या शिपिंग एजन्सीत नव्याने लागलेल्या मुलांना शिकवताना मी त्यांना एक कागदावरचं जहाज देतो. एरवी ते खताचं किंवा स्टीलच्या कॉइल्सचं असतं. यंदा इस्पितळ-जहाज दिलं आणि सांगितलं, हे मुरगावला येणार असं धरा आणि बंदराची तयारी मांडा. असं जहाज प्रत्यक्षात येणार म्हणून कुठेही ठरलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कुणीतरी नाव नोंदवायला गेटवर यायचा. मुलांच्या मदतीला पाच अनुभवी माणसं बसवली: मरीन खात्यातून निवृत्त झालेले, जहाजं बंदरात आत आणणारे एक पायलट, कस्टम्सची कामं करणाऱ्या एक सीएचए (कस्टम्स हाउस एजंट) बाई, सरकारी इस्पितळातले एक सर्जन, स्टिव्हडोरकडे, म्हणजे माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कंत्राटदाराकडे, उभी हयात घालवलेले एक भाई आणि सेवानिवृत्त मेट्रन.

जहाज कुठलं

मापं खरी हवीत म्हणून आम्ही मर्सी शिप्स या संस्थेचं ग्लोबल मर्सी जहाज डोळ्यांसमोर ठेवलं. १९७८ मध्ये डॉन आणि डियॉन स्टीफन्स या दांपत्याने स्थापन केलेली ही संस्था आज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दोन जहाजांतून मोफत शस्त्रक्रिया करते. त्यातलं आफ्रिका मर्सी हे मूळचं १९८० चं डॅनिश रेल्वे फेरीबोट. आगगाडीचे डबे वाहायच्या जागेत इस्पितळ बसवून ते २००७ मध्ये कामाला लागलं. ग्लोबल मर्सी मात्र इस्पितळ म्हणूनच चीनमधल्या तियांजिनला बांधलं गेलं आणि २०२१ मध्ये ताब्यात आलं. लांबी १७४ मीटर, रुंदी साडेअठ्ठावीस मीटरच्या आसपास, ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडणारा भाग, सहा मीटरच्या थोडा वर, सहा ऑपरेशन थिएटर, सुमारे २०० खाटा. धक्क्याला असताना साडेसहाशेच्या आसपास माणसं त्यावर राहतात. बहुतेक स्वयंसेवक, आणि स्वतःचा प्रवासखर्च, राहण्या-जेवणाचा खर्च स्वतःच करणारे. भाईंनी हे ऐकून मुलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पगार न घेता वर पैसे देऊन काम करणारी माणसं. ओव्हरटाइमची भांडणं मिटली."

या जहाजांची रीत अशी. आधी यजमान देशाच्या सरकारशी करार होतो. त्यात धक्का, बंदराच्या शुल्कातली सूट, करमाफी, डॉक्टरांची नोंदणी, व्हिसा असं सगळं येतं. मग जहाज येण्याच्या काही महिने आधी एक छोटी तुकडी देशात उतरते आणि करारातली एकेक ओळ जमिनीवर आणते. धक्क्याची खोली मोजायची, पाण्याची जोडणी पाहायची, कचरा कुठे जाणार ते ठरवायचं, दुभाषे आणि मदतनीस नेमायचे, रुग्ण कुठे निवडायचे आणि कुठे ठेवायचे ते पाहायचं. जहाज बंदरात शिरतं तेव्हा यातलं बहुतेक संपलेलं असतं. आणि कधीकधी सगळं संपलेलं असूनही जहाज येत नाही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत एबोला पसरला तेव्हा आफ्रिका मर्सीचं ठरलेलं ठिकाण बदललं आणि ते शेवटी मादागास्करच्या तोआमासिनाला गेलं. तिथली तयारी किती घाईत झाली असेल, हे बंदरात काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

धक्का

पायलट साहेबांनी आपला भाग चटकन संपवला. मुरगावच्या वाहिनीला चौदा मीटरच्या वर खोली आहे, मोठमोठी कोळशाची जहाजं आत येतात; सहा मीटर ड्राफ्टचं जहाज आणणं म्हणजे दोन टग (ओढबोटी) आणि सकाळचा थोडा वेळ. "माझं काम इथे संपलं, आता भांडा," म्हणाले. ते खरंच होतं, कारण प्रश्न जहाज आणण्याचा नव्हता, ठेवायचं कुठे याचा होता.

मुलांनी लगेच दहा आणि अकरा नंबर सुचवले. सामान्य मालाचे हे दोन्ही धक्के अडीचशे मीटर किंवा थोडे अधिक लांबीचे, शहराच्या बाजूला, रुग्णांना यायला जवळ. नकाशावर ते फार शोभून दिसत होतं. मग मी त्यांना वाऱ्याची दिशा काढायला सांगितली. उघडिपीच्या महिन्यांत दुपारी इथे समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा वारा येतो. पाच-ए, सहा-ए आणि सात नंबरला कोळसा उतरतो. ते तिन्ही दहा-अकराच्या पश्चिमेला. म्हणजे दुपारभर कोळशाची भुकटी नेमकी इस्पितळाच्या दिशेने. वास्कोत राहणाऱ्याला ही भुकटी समजावून सांगावी लागत नाही, गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे पाहिले की पुरे. थिएटरच्या हवेला बारीक गाळण्या असतातच, पण त्यांच्याआधीच्या गाळण्या कितव्या दिवशी बदलाव्या लागतील हा प्रश्न उरतो. आणि धक्क्यावर तंबू टाकून ड्रेसिंग, फिजिओथेरपी, बाह्यरुग्ण तपासणी करायची या जहाजांची पद्धत तिथे चालणारच नाही. मेट्रन बाई एवढंच म्हणाल्या, "भाजल्याच्या जखमेवर कोळसा? नको."

शिवाय आठ नंबर. तिथे द्रवरूप माल येतो. त्यात अमोनियाही असतो. जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळच्या चिखलीच्या रस्त्यावर अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा आजूबाजूच्या घरांतली माणसं रात्रीतून हलवावी लागली होती. धडधाकट माणूस घर सोडून पळू शकतो. पायाला प्लास्टर घातलेलं मूल किंवा गुंगीत असलेला पेशंट कुठे पळणार?

तेव्हा दुसरा पर्याय पुढे आला: लाटरोधक भिंतीच्या कडेचा धक्का, जिथे क्रूझ जहाजं लागतात. तो कोळसा आणि अमोनिया दोन्हींच्या पश्चिमेला आहे, म्हणजे दिवसा वाऱ्याच्या वरच्या अंगाला. रात्री जमिनीवरून उलटा वारा सुटतो, पण रात्री तंबू बंदच असतात. अडचण ही की क्रूझचा हंगाम ऑक्टोबर ते मे आणि आपल्या जहाजाचा हंगामही तोच. भाईंनी तोडगा काढला. मोठं क्रूझ येईल त्या दिवशी त्याला दहा-अकराला लावायचं. मग गोरे पाहुणे कोळशाच्या वाऱ्यात उतरतील, असं एक मुलगी म्हणाली. भाई म्हणाले, "एक दिवस उतरले तर काही होत नाही. आम्ही इथे जन्म काढला."

हा निर्णय माझ्या मते बरोबर होता, पण फुकटचा नव्हता. लाटरोधकाच्या कडेला लाट जास्त लागते, आणि शहरापासून तिथे जायचं तर संपूर्ण बंदर ओलांडावं लागतं. वहीत आम्ही दोन्ही गोष्टी तशाच लिहिल्या.

हंगाम

आफ्रिकेत ही जहाजं साधारण दहा महिने एका बंदरात राहतात आणि मधल्या काळात दुरुस्तीला जातात. मुरगावला तसं जमत नाही. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस आणि लाटा. खनिज भरणारी जहाजंही त्या महिन्यांत बाहेर उभी राहत नाहीत. म्हणून ऑक्टोबरच्या मध्याला आगमन आणि मेच्या मध्यापूर्वी प्रस्थान.

सात महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. सर्जन साहेबांनी ते कापत आणले. पहिले दोन-तीन आठवडे यंत्रं लावण्यात, तपासण्यांत आणि परवान्यांत जातील. शेवटची मोठी शस्त्रक्रिया मार्चअखेर, कारण भाजल्यामुळे आखडलेला हात मोकळा केला तर पुढे कित्येक आठवडे ड्रेसिंग, स्प्लिंट आणि व्यायाम लागतो, आणि वाकड्या पायांची मुलं त्याहून जास्त वेळ घेतात. जहाज निघून गेल्यावर टाका उसवला तर रुग्ण कुणाकडे जाणार? म्हणजे खऱ्या कामाचे महिने पाचच. मुलांचा पहिला तक्ता आगमनाच्या तारखेपासून पुढे लिहिलेला होता. सर्जन साहेबांनी तो फाडायला लावला आणि प्रस्थानाच्या तारखेपासून मागे लिहायला सांगितला. त्यानंतर त्यातले अर्धे आकडे बदलले.

हंगामाची दोन्ही टोकं नेमकी अरबी समुद्रातल्या वादळांची आहेत. ऑक्टोबर २०१९ चं क्यार, मे २०२१ चं तौक्ते गोव्याने पाहिलेलं आहे. वादळाचा इशारा वाढला की बंदर जहाजांना धक्का सोडून खोल समुद्रात जायला सांगू शकतं, आणि लाटरोधकाच्या कडेचं जहाज पहिलं जाणार. खाटांवर दोनशे रुग्ण असताना हे कसं करायचं? इथे वर्ग बराच वेळ अडकला. चिखलीचं उपजिल्हा इस्पितळ, मडगावचं जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), तिन्ही मिळून एका रात्रीत दोनशे खाटा रिकाम्या करून देतील असं मानणं म्हणजे स्वतःला फसवणं. शेवटी नियम असा केला: समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की नवी शस्त्रक्रिया थांबवायची, चालता येणाऱ्यांना निवासात हलवायचं, आणि जहाजावर कधीही फक्त तेवढेच गंभीर रुग्ण ठेवायचे जेवढे जमिनीवरची इस्पितळं लेखी घ्यायला तयार आहेत. हा शेवटचा आकडा जहाजाच्या खाटांवरून नाही, गोमेकॉच्या खाटांवरून ठरतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे आफ्रिका मर्सीला डाकारचा मुक्काम अर्धवट सोडावा लागला होता, तेव्हा अचानक निघण्याची वेळ काही काल्पनिक नाही.

गेट

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गेटवर, आणि मला वाटतं योग्यच गेला.

२००४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेमुळे बंदराचं आवार बंदिस्त असतं. सीआयएसएफचा (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा) पहारा, फोटोचा पास, ओळखपत्र, कामाचं कारण. ट्रकचा ड्रायव्हर, खलाशी, सर्व्हेयर यांच्यासाठी ही व्यवस्था चांगली चालते, कारण ती माणसं धडधाकट असतात आणि त्यांना पास काढायची सवय असते. आता रांगेत कुडाळहून आलेली आजी उभी करा, डोळ्यात मोतीबिंदू, सोबत नातू. किंवा जबड्याला मोठी गाठ असलेला माणूस.

मेट्रन बाईंनी इथे जे काढलं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गाठ काढल्यावर त्या माणसाचा चेहरा पासवरच्या फोटोशी जुळणार नाही. ड्रेसिंगला परत आला की गेटवरचा जवान त्याला अडवणार, आणि जवानाची चूकही नाही. फाटलेला ओठ शिवलेलं मूल, पापणी वर आलेली बाई, सगळ्यांचं तेच. मग ओळख चेहऱ्यावरून न ठेवता मनगटावरच्या पट्ट्यावरच्या क्रमांकाने ठेवायची आणि जहाजावरून उतरतानाच दुसरा फोटो काढून पासला जोडायचा, असं ठरलं. आधार कार्ड नसलेल्यांचं काय, सोबतच्या तान्ह्या मुलाचं काय, एका रुग्णाबरोबर किती नातेवाईक, यावर तक्ता वाढत गेला. आमच्याकडे पेशंट एकटा कधीच येत नाही. एका खाटेमागे जहाजाने एक सोबती धरलेला, तर इथे तीन धरावेत असं बाईंचं म्हणणं.

शेवटी ज्या मुलाने आख्ख्या वर्गात सगळ्यात कमी तोंड उघडलं होतं त्याने विचारलं, गेट बंदरातच असायला हवं असं कुठे आहे? वास्कोत एखादा मोठा हॉल घ्यायचा. तपासणी, ओळख, पट्टा, सामानाची झडती, सगळं तिथे, सीआयएसएफच्या माणसांसमोर. तिथून बंद बस थेट गँगवेपाशी, म्हणजे जहाजावर चढायच्या जिन्यापाशी. बंदराच्या गेटवर बसमधलं कुणी उतरत नाही, फक्त यादी आणि सील पाहिलं जातं. लाटरोधकापर्यंतचं अंतरही त्यातच सुटलं. दामोदर सप्ताहात वास्को दरवर्षी किती गर्दी सांभाळतं हे ठाऊक असलेल्या माणसांना हॉल आणि रांगा हा काही नवा विषय नव्हता. चर्चचा हॉल, शाळेची सभागृहं, देवळाचा मंडप अशी जागांची यादी पाच मिनिटांत फळ्यावर आली.

त्याच हॉलशेजारी रुग्णनिवास. आफ्रिकेतही ही संस्था किनाऱ्यावर असं निवास चालवते: लांबून आलेले, शस्त्रक्रियेची वाट पाहणारे आणि ड्रेसिंग चालू असलेले तिथे राहतात, त्यामुळे जहाजावरची खाट लवकर मोकळी होते. इथे सिंधुदुर्गातली माणसं रेल्वेने मडगावला उतरून येतील, कारवारची तशीच, तर निवास नाही तर काहीच नाही. दुभाषे मराठी, कोकणी, कन्नड आणि हिंदी चारही भाषांचे हवेत, आणि संमतिपत्रं कोकणीत देवनागरीबरोबर रोमी (रोमन) लिपीतही छापायला हवीत.

एक गोष्ट मात्र हॉलमध्येही करायची नाही यावर एकमत झालं: रुग्णांची पहिली निवड. मोफत शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांपैकी पुष्कळांना नाही म्हणावं लागतं, कारण आजार जहाजाच्या कक्षेबाहेरचा असतो किंवा उपचारापलीकडे गेलेला असतो. तो नकार कुडाळात, कारवारात, त्यांच्या घराजवळ मिळावा. रात्रभर प्रवास करून वास्कोच्या हॉलच्या दारात नको.

कागद

सीएचए बाईंनी फाइल उघडली आणि खोलीतली हवा बदलली. कस्टम्स कायदा १९६२ प्रमाणे परदेशी फेरीवरच्या जहाजाला आपलं स्टोअर्स, म्हणजे जहाजावर वापरायचा माल, शुल्काशिवाय वापरता येतो. पण परदेशी फेरीवरचं जहाज कुणाला म्हणायचं? कायद्याच्या व्याख्येत माल किंवा प्रवासी नेणं-आणणं आहे. सात महिने हलायचं नाही, मालही नाही, प्रवासीही नाही, असं जहाज त्या व्याख्येत नीट बसत नाही. पुढचं त्याहून मजेशीर. जहाजावर पेशंटला बांधलेली पट्टी ही स्टोअर्स म्हणता येईल. तीच पट्टी पिशवीत घालून पेशंट घरी घेऊन गेला तर ती आयात. कुबड्या, चष्मे, महिनाभराच्या गोळ्या, सगळं आयात. यावर उपाय एकच, केंद्र सरकारकडून कलम २५(२) खाली खास सूट, आणि ती जहाज निघण्याच्या आधी हातात हवी. "जहाज आल्यावर अर्ज करू म्हणालात तर कंटेनर धक्क्यावर पडून राहतील आणि डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड, तुम्ही भराल," असं त्या मुलांना म्हणाल्या. मुलांनी ते ठळक अक्षरांत लिहिलं.

मग एकामागून एक. परदेशी डॉक्टरांना भारतात तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. दोन-तीन आठवड्यांसाठी येणाऱ्या सर्जनची नोंदणी तो परतेपर्यंत झाली नाही तर उपयोग काय? मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, त्यांचं कपाट, किल्ली आणि रजिस्टर वेगळं. सीटी स्कॅन आणि एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जावं लागणार. आणि सोनोग्राफीचं मशीन! गर्भलिंग निदान बंदीच्या १९९४ च्या कायद्याखाली देशातलं प्रत्येक मशीन नोंदलेलं असावं लागतं. ज्या देशांत ही जहाजं आजवर गेली तिथे कुणी हे विचारलं असेल असं मला वाटत नाही.

रक्ताची गोष्ट याहून गंभीर. या जहाजांवर कर्मचाऱ्यांनाच गरजेच्या वेळी रक्तदाते म्हणून बोलावण्याची पद्धत आहे. भारतात रक्त घेणं, तपासणं, साठवणं याला परवाना लागतो, त्यामुळे ती पद्धत इथे तशी चालणार नाही. रक्त गोमेकॉच्या पेढीतून यायला हवं, म्हणजे बांबोळी ते मुरगाव गाडीच्या वेळा आणि त्या बदल्यात जहाजावरच्या माणसांनी तिथे जाऊन रक्तदान करायचं. सर्जन साहेबांनी यावर अट घातली की गाडीला लागणारा वेळ सकाळच्या ट्रॅफिकमध्ये प्रत्यक्ष मोजल्याशिवाय एकही मोठी शस्त्रक्रिया यादीत घ्यायची नाही.

पाणी आणि कचऱ्यावर फार वेळ गेला नाही. बंदरातलं समुद्राचं पाणी गोड करून थिएटरला वापरत नाहीत, म्हणून नळाचं पाणी हवं. आमच्या अंदाजाने दिवसाला दीडशे टनांच्या आसपास. साळावली धरणाचं पाणी वास्कोला किती वाजता येतं आणि किती दाबाने येतं हे सगळ्यांनाच माहीत, तेव्हा धक्क्यावर साठवणीची टाकी आवश्यक. जैववैद्यकीय कचरा गोव्यातल्याच कुंडईच्या प्रकल्पात. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे रविवारीही गाडी यायला हवी.

कशाला?

हे सगळं फळ्यावर आल्यावर सर्जन साहेबांनी विचारलं, "पण कशाला?"

प्रश्न योग्य होता. जगात सुमारे पाच अब्ज माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये मांडलं. पण त्यांत गोवेकर अग्रभागी नाहीत. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण देणारी संस्था इथे आहे, खाजगी इस्पितळं आहेत, सरकारी विमा आहे. अडचण शेजाऱ्यांची आहे. सिंधुदुर्ग आणि कारवारकडची माणसं वर्षानुवर्षं गोमेकॉवर विसंबून आहेत, आणि जानेवारी २०१८ पासून तिथे बिगर-गोमंतकीयांना शुल्क लागू झालं तेव्हा तिकडे किती आरडाओरड झाली ते आठवत असेल. मग सिंधुदुर्गातल्या रुग्णासाठी मुरगावला जहाज बांधायचं, की जिल्ह्यातच सर्जन आणि भूलतज्ज्ञ टिकेल असं काही करायचं? नर्मदेच्या फुगवट्यात नंदुरबारच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागतो कारण तिथे दुसरी वाटच नाही. १९९१ पासून धावणारी लाइफलाइन एक्सप्रेस ही इस्पितळ-गाडी आडबाजूच्या गावांच्या स्टेशनांत जाऊन उभी राहते. मुरगावच्या धक्क्यावरचं जहाज कुडाळच्या आजीच्या तितकं जवळ येत नाही.

मेट्रन बाईंना हे पटलं नाही. त्यांच्या मते जहाजाची खरी कमाई शिकवण्यात असते: भूल देणारे, निर्जंतुकीकरण करणारे, उपकरणं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, यांना सहा महिने सोबत काम करायला मिळालं तर ते जहाज गेल्यावरही उरतं. सर्जन साहेबांनी मान हलवली, पण वहीत लिहायला सांगितलं ते एवढंच की जहाजाने काय करायचं हे गोव्याने नाही, शेजारच्या तीन जिल्ह्यांच्या इस्पितळांनी सांगावं, आणि जे काम तिथे होऊ शकतं ते यादीतून आधीच काढून टाकावं. मोतीबिंदू पहिला गेला. मग कुडाळची ती आजीही गेली, जिच्यासाठी आम्ही गेटवर इतका वेळ घालवला होता.

मुरगावला दयेच्या कामावरची जहाजं अगदीच नवी नाहीत, हे भाईंनी शेवटी सांगितलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, तटस्थ पोर्तुगीज बंदर म्हणून स्वीडिश ग्रिप्सहोम आणि जपानी तैया मारू ही जहाजं इथे आली आणि दोन्हीकडच्या नजरकैदेतल्या नागरिकांची अदलाबदल झाली. रेडक्रॉसची मदतही एका जहाजातून दुसऱ्यात चढली. तेव्हा त्याच बंदरात मार्चमध्ये बुडवली गेलेली जर्मन जहाजं पडलेली होती. आठवडाभरात सगळं आटोपलं. पायलट साहेब म्हणाले, आठवडाभराचं कुणीही करेल.

फाइल बंद करताना तीन रकाने रिकामे राहिले. धक्क्याचं बुडणारं उत्पन्न केंद्राने सोसायचं, राज्याने, की बंदर प्राधिकरणाने, यावर भाई आणि सीएचए बाई यांचं जमलं नाही. मे नंतरच्या रुग्णांची जबाबदारी घेणाऱ्या इस्पितळाच्या नावासमोर मुलांनी गोमेकॉ लिहिलं होतं. सर्जन साहेबांनी ते खोडून "लेखी होकार आल्यावर" असं लिहिलं. आणि सोनोग्राफी मशीनच्या अर्जात केंद्राचा पत्ता म्हणून काय भरायचं, धक्का नंबर की जहाजाचं नाव, हे विचारायला एक मुलगी दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्यात गेली. तिथल्या कारकुनाने तिला आधी जहाज आणायला सांगितलं.